‘मस्ट नॉट’ नव्हे, ‘मुस निष्ट’: जर्मनीतलं इंग्रजी वाचताना

नागपुरात बर्डीच्या बाजारात हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, घरी मराठीत तोच शब्द म्हणजे दंड. हिंदीतलं ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, आपलं म्हणजे नवा शोध. नागपूरकराला हे कोणी शिकवावं लागत नाही. इथे जर्मनीत तसाच घोळ जर्मन आणि इंग्रजीत होतो, आणि यंत्राच्या मॅन्युअलमध्ये तो महागात पडतो.

जर्मन ‘आक्टुएल’ म्हणजे सध्याचा. त्यामुळे इथल्या इंजिनिअरने ‘ॲक्चुअल व्हर्जन’ लिहिलं, तर त्याला बहुधा ‘करंट व्हर्जन’ म्हणायचं असतं. ‘एव्हेंटुएल’ म्हणजे कदाचित, पण इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे शेवटी होणारच. ‘कंट्रोल द प्रेशर’ वाचून आपण व्हॉल्व्ह फिरवायला जातो. लिहिणाऱ्याला नुसता दाब तपासायचा असतो, कारण ‘कॉन्ट्रोलिरेन’ म्हणजे तपासणं. तिथे ‘चेक’ हवं.

सर्वांत घातक जर्मन ‘मुस निष्ट’. अर्थ ‘करायची गरज नाही’. इंग्रजी ‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्त मनाई. गरज नसेल तिथे ‘इट इज नॉट नेसेसरी’ आणि मनाईला ‘डू नॉट’ लिहावं. ‘मे नॉट’ टाळाच: परवानगी नाही, की कदाचित होणार नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आपलं इंग्रजीही यातून सुटत नाही. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की आपल्या मनात साधी शंका असते, समोरच्याला अविश्वास ऐकू येतो, ‘क्वेश्चन’ म्हणा. कोडमधल्या बदलाखाली ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं, तर उत्तर येण्याऐवजी तो बदलच मागे घेतला जाऊ शकतो. आकड्यांचंही तसंच. जर्मन १.५०० म्हणजे दीड हजार, इंग्रजीत तेच दीड. मापं लिहिताना हजाराची खूण न घालता १५०० लिहावं.

विमानांच्या मॅन्युअलसाठी यावर उपाय म्हणून ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाचं नियमांनी बांधलेलं सोपं इंग्रजी आहे. नागपूरच्या मिहानमध्ये विमान-देखभालीचं काम करणाऱ्यांना ते ओळखीचं असेल. एका शब्दाला एकच अर्थ, आणि कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं. ‘क्लोज’ फक्त बंद करण्यासाठी, जवळ सांगायला ‘निअर’. ‘फॉलो’ म्हणजे नंतर येणं; सूचना पाळायला ‘ओबे’. सुरुवातीला ही बंधनं जाचक वाटतात, पण रात्रपाळीत परक्या भाषेत वाचणाऱ्याचा विचार त्यांत आहे.

मसुदा झाला की ‘ॲक्चुअल’, ‘इव्हेंच्युअली’, ‘कंट्रोल’, ‘मस्ट नॉट’, ‘मे’ हे शब्द फाइलमध्ये शोधा. प्रत्येक ठिकाणी मूळ लेखकाला थेट विचारा: पंप थांबणारच, की थांबू शकतो?