उन्हाळी आणि दहा कॅप्सूल

मे महिना, लग्नसराई आणि सोलापूर. साड्यांच्या दुकानात गादीवर बसलं की उठायला फुरसत नाही. उठावं तर संडास दुसऱ्या मजल्यावर आणि किल्ली गल्ल्यावर. चार गिऱ्हाइकांसमोर शेठकडे किल्ली मागायची लाज वाटायची, म्हणून मी पाणीच कमी प्यायचे.

सोमवारी दुपारी सुरू झालं. दर दहा मिनिटांनी घाई, गेलं की थेंबभर, आणि तो थेंब म्हणजे निखारा. सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळी लागलीय, अंगठ्याच्या नखाला चुना लाव." लावला. धने-जिऱ्याचं पाणीही प्यायले. रात्र मोरीत येरझाऱ्या घालण्यात गेली.

गेल्या वर्षी असंच झालं होतं तेव्हा ह्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या. तीन घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या फ्रिजवर पडून राहिल्या. पहाटे हात तिकडेच गेला, पण मुदत संपलेली. नाहीतर मी दवाखान्याची पायरी चढले नसते.

डॉक्टर मॅडमनी आधी विचारलं: ताप? थंडी वाजून येते? उलटी? दिवस राहिलेत का? मग पाठीत बरगडीखाली हलकेच बुक्की मारून पाहिली, दुखलं नाही. "मूत्रपिंडापर्यंत गेलेलं दिसत नाही," म्हणाल्या. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, लघवी मात्र औषधाच्या पहिल्या डोसाआधीच द्यायची. धुऊन घ्यायचं, पहिली धार सोडून मधली डबीत धरायची. थेंबाथेंबाने होत असताना मधली धार कुठून आणायची, हे मी त्यांना विचारलंच. त्या हसल्या आणि तांब्याभर पाणी पिऊन बाहेर बसायला सांगितलं.

रिपोर्टला दोन दिवस लागणार होते, तोवर नायट्रोफ्युरँटॉइन, लघवीतल्या जंतूंवरचं औषध, सुरू. १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, दिवसातून दोनदा, पाच दिवस, जेवणाबरोबरच. पर्समध्ये मेडिकलवाल्याने दिलेलं जळजळीचं गुलाबी सिरप होतं. ते पाहून मॅडम म्हणाल्या, "हे आता बंद. ह्याने लघवीतलं आम्ल कमी होतं, आणि ही कॅप्सूल आम्लातच नीट काम करते." दोन्ही औषधं बरोबरीने चालतात असंच मी धरून चालले होते.

पहिल्या रात्री पाचदा उठले. बुधवारी सकाळी लघवी गडद, जवळजवळ तपकिरी. घाबरून फोन केला तर तो औषधाचाच रंग निघाला. एकदा नुसत्या चहावर कॅप्सूल घेतली आणि दुपारपर्यंत मळमळत राहिलं. पण बुधवारी संध्याकाळपर्यंत आग निम्म्यावर आली आणि गुरुवारी नाहीशी झाली.

आणि गुरुवारी रात्रीच मी कॅप्सूल विसरले! दुखत होतं तेव्हा घड्याळाकडे डोळे लावून बसायचे. थांबलं तशी ती पट्टी मला जास्तीची वाटायला लागली. शुक्रवारी रिपोर्ट घेऊन गेले. इ. कोलाय नावाचे जंतू, एक लाखाच्या वर कॉलनी, म्हणजे जंतूंचे पुंजके. खाली औषधांची यादी, कुणापुढे एस, कुणापुढे आर. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस होतं, म्हणजे ते लागू पडतं. गेल्या वर्षीच्या गोळीचं, सिप्रोफ्लॉक्सासिनचं, नाव शोधलं. आर. म्हणजे हे जंतू तिला दाद देत नाहीत. "तुमच्या त्या तीन गोळ्यांमुळेच झालं असं म्हणता येणार नाही," मॅडम म्हणाल्या, "पण अर्धवट औषध घेऊन काही साधतही नाही. उरलेल्या संपवा." चुकलेल्या डोसाबद्दल मीच सांगून टाकलं. दोन एकदम घ्यायच्या नाहीत, राहिलेली शेवटी घ्यायची, असं त्यांनी सांगितलं. म्हणून माझी दहावी कॅप्सूल रविवारी सकाळी भाकरीबरोबर गेली.

त्रास नाही तर परत तपासणीची गरज नाही. ताप आला किंवा पाठ धरली तर मात्र लगेच यायचं, एवढंच बजावलं होतं. तसं काही झालं नाही. दोन दिवस अंगात जरा थकवा होता, तो उन्हाचाही असेल.

सोमवारी दुकानात जाताना दोन लिटरची बाटली नेली. शेठकडून किल्ली मागून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडून तिची जोडकिल्ली करून आणली. ती आता माझ्या मापाच्या टेपला बांधलेली असते.