1938 चा फ्लॅट, नोंद चौथी: टाइल्सखालची लादी

हॉल उकरायचा की नाही, यावर घरात दोन तट होते. शेवटी आईच म्हणाली, "कपाटामागची एक फोडून तर बघ."

फोडली. 2003 साली बाबांनी हौसेने बसवलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्सखाली मूळची मोझॅक निघाली: मध्ये सायीचा रंग, कडेने हिरवी किनार आणि त्यात बोटभर काळी पट्टी. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्याला ज्या तीन समांतर रेषा आहेत, त्याच इथे कोपऱ्यात पायरीसारख्या वळल्यात.

आता माझी चूक. चिकटलेलं सिमेंट काढायला मिस्त्रीने अ‍ॅसिड ओतलं आणि मी बघत राहिलो. मोझॅक म्हणजे सिमेंटात बसवलेल्या मार्बलच्या चिपा; अ‍ॅसिड दोन्ही खातं. दाराजवळची दोन हात जागा पांढुरकी, खरखरीत झालीय. बाकीची पटाशीनेच खरवडली. पाठ मोडली, पण लादी वाचली.

घासायच्या मशीनला 60 नंबरचा भरड दगड लावून सुरुवात केली, मग 120 चा, जरा बारीक. घासताना भुकटी-पाण्याची दाट रबडी निघते, ती मोरीत सोडू नका, तुंबते. सध्या भोकं भरतोय. व्हाइट सिमेंटात हिरवा ऑक्साइड मिसळून सहा वाट्यांत सहा नमुने केले. ओलं असताना चौथा अगदी जुळत होता. दोन दिवसांनी वाळल्यावर दुसरा जुळला. ओल्यावर रंग ठरवायचा नाही. भरणं सुकलं की 220 आणि 400.

फर्निचरवाला नक्षीदार पायांचा सोफा गळ्यात मारत होता, "जुन्या घराला जुनंच शोभतं" म्हणून. जुनं म्हणजे कुठलं? 1937 साली टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरलं, तेव्हा मुंबईकरांना हवं होतं ते नवं, सुटसुटीत, पुसायला सोपं घर. मला सागवानी व्हिनियरचं, गोल कोपऱ्यांचं, बिननक्षीचं काहीतरी हवंय.

पण ते ठेवायचं कुठे, हा घोळ किनारीने केलाय. ती हॉलच्या मधोमध येऊन काटकोनात वळते. म्हणजे इथे भिंत होती! आईला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "हो, आत्याची बाळंतिणीची खोली. लग्नाआधी पाडली तुझ्या बाबांनी."