वसतिगृह परवा उघडतं

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

सकाळी दहाच्या सुमारास दोघं गेटवर उभे होते. पत्र्याची पेटी बापाच्या डोक्यावर, वळकटी तिच्या काखेत. दिवाळीची सुट्टी संपायला अजून दोन दिवस. मी न्हाऊन ओल्या केसांनीच बाहेर आले आणि पहिलं काय बोलले, तर "वसतिगृह परवा उघडतं. आज का आणलंत?"

"मॅडम, गाडी उद्या पहाटंच हाय. मुकादम थांबत न्हाई."

एवढंच म्हणाला तो. पुढचं मला कळायला हवं होतं. सोळा वर्षं बीड जिल्ह्यात काढली आहेत मी. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन झालेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, कारखान्याचं गाळप सुरू व्हायच्या बेताला ट्रक दारात येतो आणि घराला कुलूप लागतं. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. नव्या शिक्षिका आल्या की हे सगळं मीच त्यांना समजावून सांगते.

तो गप्प राहिला, तेव्हा तीच बोलली. "मॅडम, मी व्हरांड्यात राहते. दोनच दिवस."

नववीतली पोरगी. आवाजात विनवणी नव्हती. मॅडम नाही म्हणाल्या तर काय म्हणायचं, हे एसटीत बसल्या बसल्या दोघांनी ठरवलं असणार. तेच मला दिवसभर सोडत नाही. मी नाही म्हणेन, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आणि मी तेच म्हणाले.

वर्षाकाठी हेच काय ते दहा-बारा दिवस माझे असतात. एरवी नव्वद मुलींचे ताप, पाळ्या, भांडणं, रात्री नऊची हजेरी, मेसचा हिशेब. धाकटी पुण्याहून आली आहे, तिच्याशी धड बोलणंही... असो. दमलेल्या माणसाच्या तोंडी नियम लगेच येतो, हे खरं आहे. पण मी दमलेय हे त्या बापाला कुठून कळणार? त्याने फक्त वाक्य ऐकलं.

दर सप्टेंबरला कर्मवीर जयंतीला मी मुलींना सातारच्या बोर्डिंगची गोष्ट सांगते. 1924 सालचं ते बोर्डिंग. पोरांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. यंदा ही पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. तिला आज ती गोष्ट आठवली असेल का? आठवली नसेल तर बरं.

शेवटी ठेवून घेतलं तिला. मेस बंद, मावशी गावाला गेलेल्या. संध्याकाळी क्वार्टरमध्येच पिठलं-भाकरी केली. दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने, तिसरीला नको म्हणाली, मग धाकटीने वाढली ती मुकाट्याने खाल्ली. स्वतःचं ताट घासलं, माझंही घासलं. हात पुसून विचारते, "ये-जा रजिस्टरात तारीख कुठली टाकू, मॅडम? आजची का परवाची?"

परवाची टाक, म्हणाले. सुट्टीतल्या मुक्कामाला परवानगी लागते, वर उत्तर द्यावं लागतं. तिने खाली मान घालून, पेन दाबून, परवाची तारीख लिहिली. पोरगी माझ्यासमोर बसलेली आणि कागदावर अजून आलेलीच नाही.

आत्ता दोघी आतल्या खोलीत झोपल्यात. मघाशी बराच वेळ कुजबुज चालली होती, मध्येच हसल्याही.

मी ऑफिस उघडून रजिस्टर घेऊन आले. लाल पेनाने ती तारीख खोडली, आजची घातली, शेजारी सही केली. विचारतील तेव्हा विचारतील. आमची तारीख कागदावर ठरते, त्यांची मुकादम ठरवतो, मधले दोन दिवस दरवर्षी उरणारच आहेत. पुढच्या वर्षी सुट्टीआधीच पालकांना विचारून ठेवायचं, कुणाची गाडी कधी आहे ते.

रात्री आणखी दोघींच्या घरून फोन आला. उद्या दुपारपर्यंत येतील. चार नंबरची खोली झाडून ठेवली आहे. डब्यात पीठ किती उरलंय, ते सकाळी उठल्यावर बघायचं.