चार तास एकोणीस मिनिटं

निकाल आधीच सांगून टाकते, उगाच शेवटपर्यंत कोणाला ताटकळत ठेवायला नको. बर्लिन मॅरेथॉन, २१ सप्टेंबर २०२५, माझा टाइम ४:१९. हवा होता ३:५९ आणि त्यापुढे कितीही सेकंद, अगदी एकोणसाठ सेकंद असते तरी मी रस्त्यावर नाचले असते.

आता तुमच्यातले अर्धे म्हणतील की बाई, बेचाळीस किलोमीटर पळालीस, वर वीस मिनिटांचं काय घेऊन बसलीस. तेच सांगायचंय.

चार तासांचं खूळ माझं एकटीचं नाही हो. अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी एक कोटीच्या आसपास मॅरेथॉन टाइम एकत्र करून त्यांचा आलेख काढला होता, त्यात दिसलं काय तर तीन तास, साडेतीन तास, चार तास या आकड्यांच्या अगदी अलीकडे माणसांचा ढीग आणि आकडा ओलांडला की एकदम खड्डा. ३:५९ वाले भरपूर, ४:०१ वाले कमी. शरीराला कुठे माहीत असतं घड्याळात काय वाजलं, पण डोक्याला माहीत असतं आणि शेवटचे दोन किलोमीटर डोकंच पळवतं. चार तासांच्या आत यायचं म्हणजे एक किलोमीटर ५:४१ मध्ये, म्हणजे पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंदांत, असे बेचाळीस आणि वर ते १९५ मीटर. ऐकायला सोपं वाटतं. त्यात आणखी एक गंमत अशी की मोजलेलं अंतर रस्त्यावर रंगवलेल्या निळ्या रेषेवरचं असतं, म्हणजे प्रत्येक वळण सगळ्यात जवळून घेतलं तर. आपण गर्दीत असतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो, हळू चालणाऱ्याला वळसा घालतो, त्यामुळे घड्याळात ४२.६ वगैरे दिसतात आणि ५:४१ ने ४२.६ पळालात तर टाइम येतो ४:०२. म्हणून मी ५:३८ धरून चालले होते. हे सगळे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात, नवऱ्याने एकदा खरंच विचारून बघितलंय.

इकडे जर्मनीत आल्यावर पळायला लागले ते खरं तर हिवाळ्याच्या भीतीने. डिसेंबरमध्ये दुपारी चारला अंधार पडतो, ऑफिसातून बाहेर यावं तर रात्र, बोलायला माणूस नाही, मग कोणीतरी म्हणालं की बूट घाल आणि बाहेर पड. आधी पाच किमी, मग दहा, मग हाफ म्हणजे अर्धी मॅरेथॉन, मग एकदा फुल म्हणजे पूर्ण केली ती नुसती पूर्ण करायची म्हणून आणि पुढच्या आठवड्यात डोक्यात तो चारचा आकडा शिरला तो शिरलाच. त्यानंतरची कितीतरी वर्षं सुट्ट्या, लग्नं, पाहुणे, सगळं लाँग रन, म्हणजे सरावाची लांब पल्ल्याची धाव, बघून ठरलं. भारतात आले तरी पहाटे पाचला उठून पळायला जायचे आणि आत्या विचारायची, कोण मागे लागलंय गं तुझ्या.

या वेळी सगळं जुळून आलं होतं आणि म्हणूनच जास्त लागलं. वसंतात हाफ १:५३ मध्ये झाली होती. पीट रीगल नावाच्या माणसाचं एक सूत्र आहे, अंतर दुप्पट झालं की टाइम दुपटीपेक्षा किती वाढेल ते सांगणारं, त्यात १:५३ टाकले की फुलचा टाइम येतो ३:५५ आणि काही सेकंद. म्हणजे चार मिनिटं खिशात. यासो ८०० पण करून बघितले होते, ८०० मीटर चार मिनिटांत, मध्ये हळू जॉग, असे दहा वेळा जमले तर चार तास जमतात असा धावणाऱ्यांमधला ठोकताळा आहे. जमले होते. ३२ किमीचे लाँग रन झाले, शेवटचे तीन आठवडे टेपर म्हणजे मुद्दाम कमी पळायचं, ज्यात माणूस चिडचिडा होतो आणि घरातल्या कोणी शिंकलं तरी त्याच्याकडे संशयाने बघतो, तेही पार पडलं. शिवाय कोर्स बर्लिनचा. सपाट आणि वेगवान, केनियाच्या किपचोगेने २०१८ मध्ये २:०१:३९ आणि २०२२ मध्ये २:०१:०९ हे दोन्ही विश्वविक्रम इथेच केले, महिलांमध्ये इथिओपियाच्या टिगिस्ट असेफाचा २०२३ चा २:११:५३ सुद्धा इथलाच. टाइम काढायचा तर बर्लिनला जा, असं सगळेच म्हणतात.

आणि नेमकं त्या रविवारी ऊन पडलं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात इथे सकाळी जॅकेट लागतं, त्या दिवशी स्टार्टला उभी असताना बिनबाह्यांच्या टीशर्टमध्ये घाम येत होता आणि दुपारपर्यंत पारा पंचविशीकडे गेला. तुम्हाला हसू येईल, पंचवीस म्हणजे आपल्याकडे गुलाबी थंडी. मॅरेथॉनला मात्र दहा अंशांच्या आसपासची हवा मानवते, कारण तासनतास पळताना शरीर आतून भट्टीसारखं तापत असतं आणि बाहेर गरम असलं की रक्ताला पायांच्या स्नायूंबरोबर त्वचेकडेही जावं लागतं, गार व्हायला. त्यात घामातून पाणी जातं, मग हृदय तेवढ्याच वेगासाठी जास्त ठोके मारायला लागतं. पेस म्हणजे पळण्याचा वेग तोच, ठोके मात्र चढतच जातात, याला कार्डियाक ड्रिफ्ट म्हणतात. जो जितका हळू त्याला हा फटका जास्त, कारण तो उन्हात जास्त वेळ असतो. पुढचे एलिट म्हणजे अव्वल धावपटू सव्वानऊला सुटतात, आमच्यासारख्यांची वेव्ह म्हणजे तुकडी त्यानंतर बऱ्याच वेळाने. त्या दिवशी पहिला आलेला सबॅस्टियन सावे २:०२:१६ मध्ये मोकळा झाला तेव्हा मी जेमतेम एक तृतीयांश रस्ता कापला होता. तोही विश्वविक्रमाच्या वेगाने निघाला होता आणि दुसऱ्या अर्ध्यात ढिला पडला, हे नंतर वाचून मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला शोभणारा नव्हता.

हाफला माझं घड्याळ १:५९:१० म्हणत होतं, म्हणजे अगदी ठरल्यासारखं. पण ठोके तिथेच इतके वर होते की एरवी ते मला पस्तिसाव्या किमीला दिसतात. पंचविसाव्यापर्यंत ओढलं, मग एका किलोमीटरला ६:०५, ६:१० लागायला लागले. विल्डर एबर नावाचा एक चौक लागतो अठ्ठाविसाव्या किमीच्या सुमारास, तिथे ढोल-बँड आणि प्रचंड गर्दी असते, सगळे म्हणतात तिथे अंगात येतं, माझ्या अंगात काही आलं नाही. तिसाव्याला २:५२. तिथे मी जे गणित मांडलं ते मला अजून पाठ आहे: उरले बारा किमी आणि थोडे, हातात ६८ मिनिटं, म्हणजे ५:३४ चा पेस, म्हणजे आतापर्यंत एकदाही धरला नव्हता इतका वेगवान. थकलेल्या डोक्याने हे पुन्हा पुन्हा मोजून बघितलं, कुठेतरी चुकलं असेल म्हणून. बरोबरच येत होतं.

मोठा भिंतीवर आपटल्यासारखा प्रसंग वगैरे काही घडला नाही. चार तासांवाले पेसर, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचवायला एकाच वेगाने पळणारे, कधी पुढे गेले तेही दिसलं नाही. नुसता एकेक किलोमीटर लांबत गेला, ६:४०, ७:००, ७:२०, आणि कुरफ्युर्स्टनडामवर मोठमोठ्या दुकानांसमोर मी चक्क चालत होते, हातात दोन ग्लास, एक प्यायला, एक डोक्यावर ओतायला. बिबवर म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदावर नाव छापलेलं असतं ना, त्यामुळे अनोळखी माणसं नाव घेऊन ओरडतात, शाब्बास, छान चाललंय! छान काय चाललंय, कप्पाळ. त्या वेळी नाव नसतं छापलं तर बरं झालं असतं असं वाटलं. पॉट्सडामर प्लात्झ गेलं, उंटर डेन लिंडेन आलं, मग ते ब्रांडेनबुर्ग गेट, ज्याच्या फोटोसाठी जगभरातून लोक येतात. पहिल्यांदा येणाऱ्यांना वाटतं गेट म्हणजेच फिनिश, आणि तिथेच जीव काढून स्प्रिंट मारतात, फिनिश त्याच्याही पुढे काही शे मीटरवर आहे. १९९० मध्ये एकीकरणाच्या तीन दिवस आधी ही मॅरेथॉन पहिल्यांदा या गेटमधून गेली, तेव्हा लोक रडत पळाले होते म्हणतात. मीही रडले, पण माझं कारण फारच किरकोळ होतं.

खरा त्रास पुढे सुरू झाला. व्हॉट्सॲपवर मेडलचा फोटो टाकायच्या आधीच नवऱ्याने टाकला, मग प्राउड ऑफ यू, झेंडे, टाळ्या, मामाने विचारलं मेडल मिळालं म्हणजे कितवा नंबर आला, आईने फोनवर पहिलं वाक्य 'कुठे पडली-बिडली नाहीस ना', ते मात्र मनापासून आवडलं कारण तिला टाइमशी देणंघेणंच नव्हतं. बाकी सगळे समजूत घालत होते. पूर्ण केलीस हेच खूप. किती जणांना जमतं. आकडा महत्त्वाचा नाही, प्रवास महत्त्वाचा. अरे पण प्रवास मला माहितीये ना, मीच केलाय तो, पहाटे, थंडीत, एकटीने, आणि तो त्या आकड्यासाठीच केला. नुसती पूर्ण करायची असती तर ती मी कधीच केली होती. कोणी वर्षानुवर्षं एखाद्या परीक्षेला बसलं आणि थोडक्यात राहिलं तर आपण त्याला पेपर पूर्ण लिहिलास ना असं म्हणतो का? पळण्याचा छंद असल्यामुळे त्यातलं अपयशही हौशीच असलं पाहिजे असं लोकांना वाटतं बहुतेक. आणि परदेशात असलं की आणखी एक भर, तिकडे सगळं मस्तच चाललेलं असणार, फोटोत तर हसतेय. फोटोत सगळेच हसतात, समोर फोटोग्राफर असतो म्हणून.

सोमवारी जिने उतरता येत नव्हते, उलटं तोंड करून कठड्याला धरून उतरले आणि ऑफिसला गेले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी स्वतः पळतो, त्याने आधी टाइम विचारला. सांगितला. तो म्हणाला, गरम होतं हे खरंय, पण तुझ्या तयारीच्या मानाने हा वाईट टाइम आहे, वैतागली असशील. बस, एवढंच, आणि कॉफी आणायला गेला. मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. इथल्या लोकांच्या या थेट बोलण्यावर मी पूर्वी बऱ्याच तक्रारी केल्यात, त्या या एका बाबतीत मागे घेते.

काही जणांनी विचारलंय की आता पुढे काय. माहीत नाही, खरंच. या हिवाळ्यात फक्त दहा किमीवर काम करणार आहे, छोटं अंतर, लवकर संपतं. फुलचं नाव लॉटरीत टाकायचं की नाही ते ठरलेलं नाही, बर्लिनला थेट प्रवेश बहुतेकांना मिळत नाही, शरद ऋतूत नावं द्यायची आणि मग वाट बघायची, नाहीतर एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करून जागा मिळवायची. तुमच्यापैकी कोणी यायचा विचार करत असाल तर जरूर या, राहायला आमच्याकडेच. फक्त सपाट कोर्स बघून टाइमची स्वप्नं रंगवू नका, आणि माझा चार तासांचा तक्ता हवा असेल तर मेल करते, तो चांगला आहे, त्याचा काही दोष नव्हता.