वरच्या खोलीतल्या मुलाचा मामा

२००५ ते २००८ अशी तीन वर्षं आमच्या कोथरूडच्या घरात, वरच्या खोलीत, एक इराणी मुलगा भाड्यानं राहत होता. त्याचं नाव लिहीत नाही, आई अजून तेहरानला असते. सासूबाईंशी त्याचं फार जमायचं. ‘पेशवा’ हा शब्द आमच्याकडून उसना घेतलाय, परत कधी करताय, म्हणून तो त्यांना चिडवायचा. एकदा जेवताना म्हणाला, “माझा दायी इराकमध्ये अडकलाय.” सासूबाईंना वाटलं, सुईण! फारसीत दायी म्हणजे मामा.

मामा एकोणिसाव्या वर्षी सक्तीच्या भरतीत इराक-इराण युद्धावर गेला आणि १९८७मध्ये इराक्यांच्या हाती सापडला. १९९०मध्ये दोन्ही देशांनी कैदी सोडले. आजी सीमेवरून येणारी प्रत्येक बस बघत राहिली, पण मामा उतरलाच नाही. तो कैद्यांच्या छावणीतून मुजाहिदीन-ए-खल्क या इराणी सरकारविरोधी संघटनेच्या छावणीत गेला होता. त्यांची माणसं कैद्यांमध्ये येऊन सांगायची, आमच्याकडे या, इथून सुटाल. मामाला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ही संघटना १९६५ची, इराणच्या राजाच्या, शहाच्या, विरोधात उभी राहिलेली. १९७९च्या क्रांतीत धर्मगुरू खोमेनींच्या बाजूनं होती, १९८१मध्ये फाटलं. बॉम्बस्फोट, फाशी, दोन्हीकडून रक्त. नेते मसूद रजवी पॅरिसला पळाले आणि १९८६मध्ये थेट इराकच्या सद्दामच्या आश्रयाला गेले. ज्याच्याशी आपला देश लढतोय, त्याच्याच घरी! मुलाच्या वडिलांनी त्यांना हे कधीच माफ केलं नाही. मेहुण्याचं नावसुद्धा घरात काढू द्यायचे नाहीत.

१९८८च्या जुलैमध्ये संघटनेनं इराकमधून इराणवर चाल केली आणि सपाटून मार खाल्ला. त्यानंतर इराणच्या तुरुंगांत जे झालं ते सांगताना तो मुलगा जेवायचा थांबला. कैद्याला विचारायचे, तू कुठल्या गटाचा? सरकारचा शब्द ‘मुनाफिक’, म्हणजे ढोंगी. तो न उच्चारता कुणी ‘मुजाहिद’ म्हणाला, की बहुधा फाशी. काही आठवड्यांत हजारो माणसं मारली.

आणि छावणीत? बगदादच्या उत्तरेला अश्रफ नावाचं गावच वसवलं होतं त्यांनी. १९८९पासून सगळ्या नवरा-बायकोंना घटस्फोट घ्यायला लावले, कारण प्रेम फक्त नेत्यावर करायचं. १९९१च्या युद्धाच्या वेळी शेकडो मुलं युरोप-अमेरिकेत पाठवून दिली. रोज मनात आलेलं वहीत टिपायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. बाईचा विचार आला, घरची आठवण आली, तेही. मग बाकीचे तुटून पडायचे. जो सोडून जाईल तो ‘बुरीदे’, तुटलेला. २००५मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संस्थेनं बाहेर पडलेल्या बारा जणांशी बोलून अहवाल काढला, त्यात मारहाण होती, वर्षानुवर्षांची कोंडी होती. संघटनेनं सगळं खोटं ठरवलं. आमच्या वरच्या खोलीतल्या मुलानं तो अहवाल सायबर कॅफेतून छापून आणला आणि गादीखाली ठेवला. पुण्यात कोण बघणार होतं, पण सवय.

सद्दामची सत्ता गेल्यावर, २००४च्या सुरुवातीला, आजी अश्रफला जाऊन आली. मामाच्या दोन्ही बाजूंना एकेक सोबती बसलेला. तिनं आंबट चेरीचा मुरांबा नेला होता. मामानं बरणी हातात घेतली आणि न उघडता शेजारच्याला दिली, “सगळ्यांसाठी.” आजी परतीच्या वाटेवर म्हणाली म्हणे, हा माझा मुलगा नाही, त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी आहे.

“मग पळून का येत नाही तो?” सासूबाईंनी विचारलं होतं. सोडणाऱ्यांसाठी अमेरिकी सैन्यानं शेजारीच वेगळी छावणी उघडली होती. पण तिथून पुढे कुठे? इराण म्हणत होतं, या, माफ केलं. काहीशे गेलेही. पण माफ करणारे तेच, १९८८चे. मला सरकारचाही राग येतो आणि छावणीवाल्यांचाही, आणि कुणाचा जास्त हे अजून ठरवता आलेलं नाही. सासूबाईंचं ठरलं होतं: दोघांच्याही तोंडाला काळं फासा.

पुढे इराकी सैन्याचे हल्ले झाले. २०१३च्या १ सप्टेंबरला अश्रफमध्ये बावन्न माणसं मारली गेली. मामा त्याआधीच दुसऱ्या छावणीत हलवला गेला होता. २०१६पर्यंत उरलेल्या सगळ्यांना अल्बानियात नेलं. २०१७मध्ये मामा संघटनेतून एकटा बाहेर पडला. आजी तोवर गेली होती.

मुलगा आता जर्मनीत असतो. परवा फोनवर सांगत होता, मामा अल्बानियाच्या राजधानीत, तिरानात, एका खोलीत राहतो आणि अजून रोज रात्री वही लिहितो. यानं घाबरतच विचारलं, काय लिहितोस? मामानं वही कॅमेऱ्यासमोर धरली. दूध, पाव, टोमॅटो, आणि पुढे किती लेक.

“लेक?” मी म्हटलं.

“तिथले पैसे, काकू,” तो म्हणाला.