सुटकेच्या तारखेचा हिशेब

मी कारागृहाच्या अभिलेख विभागात कारकून आहे असे सांगितले, की 'भीती वाटत नाही का?' हा प्रश्न ठरलेला असतो. प्रत्यक्षात दिवसाचा बहुतेक वेळ न्यायालयांच्या वॉरंटांबरोबर, म्हणजे माणसाला तुरुंगात ठेवण्याच्या लेखी आदेशांबरोबर, जातो, आणि भीती वाटायचीच तर ती त्यांवरील अंकांची वाटावी.

न्यायालय शिक्षेची मुदत ठरवते. सुटकेची तारीख मात्र आम्हाला काढावी लागते. 31 ऑगस्टला सुरू झालेली सहा महिन्यांची शिक्षा फेब्रुवारीत नेमकी कधी संपते, पहिला दिवस मोजायचा की सोडायचा, याची उत्तरे नियमांत शोधावी लागतात. एकाच माणसाला दोन आणि तीन वर्षांच्या दोन शिक्षा झाल्या असतील, तर त्या एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ एक, हे सांगणाऱ्या आदेशातील एका शब्दावर तो तीन वर्षांनी सुटणार की पाच, हे ठरते. खटल्याच्या काळातील कोठडीचे दिवस सामान्यतः वजा होतात, दंड न भरल्यास जादा कैद वाढते, आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारी माफी तारीख अलीकडे आणते. ती रद्द झाली, की सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

संगणकाने हे काम हलके केले आहे, तरी मी प्रणालीने दिलेली तारीख हाताने पडताळल्याशिवाय सही करत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 2002 मध्ये न्यायालयाच्या एका निकालानुसार माफीची आकडेमोड बदलण्यात आली आणि ज्या वाढीव शिक्षेला माफी लागूच नव्हती, तीही त्या बदलामुळे कमी होऊ लागली. 2012 मध्ये एका पीडिताच्या कुटुंबाने स्वतः दिवस मोजून ही चूक दाखवून दिली. तरीही प्रकरण जाहीर व्हायला डिसेंबर 2015 उजाडला, आणि तोवर सुमारे 3,200 बंदी मुदतीआधी सुटले असावेत, असा अंदाज होता. उलट दिशेची चूक मला अधिक क्रूर वाटते, कारण तिची तक्रार करणारा माणूस आत असतो. बिहारमधील रुदुल साह 1968 मध्ये निर्दोष ठरूनही 1982 पर्यंत तुरुंगात होते. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला.

वॉरंट संदिग्ध असेल, तर न्यायाधीशांना काय म्हणायचे असावे याचा तर्क करण्याचा अधिकार कारकुनाला नाही. लेखी खुलासा मागवायचा आणि उत्तर येईपर्यंत बंद्याचा, त्याच्या वकिलाचा आणि कधी कधी वरिष्ठांचाही रोष पत्करायचा, एवढेच हाती असते. नावांच्या बाबतीतही तसेच आहे: सारख्या नावाचे दोन बंदी, एकाच माणसाची तीन नावे, हे नित्याचेच असल्याने सुटकेपूर्वी बोटांचे ठसे आणि ओळखखुणा ताडल्याच पाहिजेत.

अभिलेखात तारखांपलीकडेही बरेच असते. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या, बंद्यांना द्यायच्या वागणुकीविषयीच्या नेल्सन मंडेला नियमांनुसार वैध आदेशाशिवाय कोणालाही आत घेता येत नाही आणि प्रवेशाच्या वेळी दिवस, तास, जवळच्या वस्तू, अंगावरील दिसणाऱ्या जखमा आणि आधी झालेल्या छळाची तक्रार नोंदवावी लागते. (1955 च्या जुन्या नियमांत पानांवर क्रमांक घातलेली बांधीव नोंदवही सांगितली होती, पान फाडले तर कळावे, ही त्यातली व्यवहारी हुशारी मला फार आवडते.) जखमेची नोंद घाईत 'काही नाही' अशी केली, तर ती जखम कोठे झाली, हे पुढे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

याच नियमांप्रमाणे बंद्याला आपला अभिलेख पाहण्याचा आणि सुटताना त्याची अधिकृत प्रत मिळवण्याचा हक्क आहे. दारापाशी आलेला माणूस घाईत असतो आणि प्रत क्वचितच मागतो, म्हणून मी स्वतःहून विचारतो. कारण पुढे दुसऱ्या खटल्यात कोठडीच्या दिवसांवरून वाद निघाला, तर आमच्या फाइलशी ताडून पाहायला त्याच्याकडे तेवढाच कागद असतो.