आमची वाटचाल : कऱ्हाडमधल्या ‘ऱ्ह’साठी

आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षं सांगलीत पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत ते काम जवळजवळ संपलं. २०१२ साली आम्ही नवरा-बायकोनं त्यांचंच अक्षर घराच्या दारावर आणलं. सागवानी फळी, हातानं लिहिलेलं नाव, वर वॉर्निशचे दोन हात. पुढे लग्नपत्रिकाही करू लागलो.

वेबसाइटचा विचार सुचला तो पुरामुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि आमचं दुकान पाण्यात गेलं. लाकूड वाळवता आलं, रंगाचे डबे धुऊन घेतले. पण केलेल्या प्रत्येक पाटीचा फोटो ज्या अल्बममध्ये लावत होतो, त्याची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. नंतर गिऱ्हाईक यायचं, “आधीचं काही काम दाखवा” म्हणायचं, आणि आमच्याकडे दाखवायला जवळजवळ काहीच नसायचं. फोनमध्ये होते तेवढेच शंभरेक फोटो उरले.

पहिली साइट मी एका तयार बिल्डरवर, म्हणजे तयार साच्यांतून साइट बनवून देणाऱ्या सेवेवर, एका रात्रीत उभी केली. साचा सुंदर होता, फोटो छान बसले. सकाळी आण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, दोन बोटांनी मथळा मोठा केला आणि विचारलं, “ही शिरोरेषा कुणी तोडली?” मी पुन्हा पाहिलं. प्रत्येक अक्षर सुटं झालं होतं. इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून साच्यात अक्षरांमधलं अंतर वाढवून ठेवलेलं असतं. तिकडची अक्षरं एकेकटी उभी असतात, आपली एका रेषेला लटकतात. अंतर वाढलं की रेषाच तुटते. त्यात ओळींची उंची कमी, त्यामुळे दुसऱ्या ओळीतले रफार आणि मात्रा वरून कापल्या जात होत्या, उकार खालून. अक्षरावर पोट भरणाऱ्या दुकानाच्या दारातच अक्षर मोडलेलं. ती साइट मी त्याच दिवशी उतरवली.

मग आण्णांनी एका कागदावर सहा शब्द लिहून दिले : कऱ्हाड, लक्ष्मी, श्रद्धा, हृषीकेश, शार्ङ्गधर, कुलकर्णी. जिथे हे सहा नीट दिसतील तिथेच आपली साइट. महिनाभर मी साइट बनवण्याच्या विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय आणि वर्डप्रेस या चारही ठिकाणी चाचणीची पानं करून हेच शब्द टाकत होते.

शॉपिफाय चांगलंच आहे, पण ते दुकानासाठी घडलेलं आहे. त्याची सुरुवातच कॅनडातल्या एका स्नोबोर्ड विकणाऱ्या दुकानातून झाली. ज्यांच्याकडे वस्तूंचा साठा असतो, रंग आणि मापं ठरलेली असतात, त्यांनी डोळे झाकून तिथे जावं. आमची प्रत्येक पाटी एकदाच होते. स्क्वेअरस्पेसचे साचे पाहून मन हरखतं. छायाचित्रकार मैत्रिणीला मी तेच सुचवलं. विक्सवर हवं ते हवं तिथे ओढून ठेवता येतं, नवख्या माणसाला यासारखं सोपं दुसरं नाही. मात्र विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर नेता येत नाही. एकदा अल्बम गमावलेल्या माणसाला ही गोष्ट फार लागते.

आम्ही वर्डप्रेस घेतलं. या नावाच्या दोन गोष्टी आहेत, त्यात पुष्कळ जण गोंधळतात. एक आहे डॉट कॉमवाली सेवा, तिथे सगळं तेच सांभाळतात. दुसरं आहे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, जे आपण आपल्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर, बसवतो. आम्ही दुसरं घेतलं. साइटची भाषा ‘मराठी’ निवडली की पानाच्या कोडमध्येही भाषा मराठी अशी नोंद होते. याचा उपयोग मला नंतर कळला. काही देवनागरी फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं आत दिलेली असतात, पान मराठी आहे हे सांगितलं तरच ती बाहेर येतात, नाहीतर हिंदी वळण दिसतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ फॉन्ट घेतला, मथळ्यातलं अंतर शून्य केलं, ओळीची उंची अक्षराच्या १.७ पट ठेवली. ‘कऱ्हाड’ उमटलं तसं आण्णा म्हणाले, “आता बरोबर.”

वर्डप्रेस फुकट आहे, पण मेहनत फुकट नाही. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आणि होस्टिंग यांचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, अपडेट करावे लागतात, एखादा अपडेट पान मोडतो तेव्हा आपणच बसावं लागतं. ज्याला हे जमणार नाही, त्यानं तयार बिल्डर घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. पण डोमेन मात्र स्वतःच्या नावावर घ्या. साइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर डोमेन राहिलं, म्हणून ओळखीच्या एका कुंभारताईंना पत्रिकेवर छापलेला पत्ता सोडून द्यावा लागला.

पैसे घेण्यासाठी इथल्या गिऱ्हाइकांना रेझरपे, म्हणजे बहुतेक वेळा यूपीआयच. पेपालनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे घेणं बंद केलं. परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी ते चालतं. दुबई आणि न्यू जर्सीच्या मराठी घरांच्या पाट्यांचे पैसे तसेच येतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ऑर्डरच्या फॉर्मवर. सुरुवातीला लोक नाव इंग्रजीत टाकायचे. एका पाटीवर आम्ही ‘दिक्षित’ लिहिलं, आणि त्या काकू फोनवर रडवेल्या झाल्या. वास्तुशांत दोन दिवसांवर होती. त्यांचं ‘दी’ दीर्घ होतं. रात्रभर बसून नवी पाटी केली आणि यांनी ती बसनं स्वतः साताऱ्याला नेऊन दिली. तेव्हापासून फॉर्ममध्ये नाव देवनागरीतच लिहावं लागतं, शिवाय घरातल्या कुणीतरी कागदावर लिहिलेल्या नावाचा फोटो जोडावा लागतो. लोक आजीकडून लिहून घेतात, कधी वडिलांच्या जुन्या सहीचा फोटो पाठवतात. ते सगळे फोटो आम्ही जपून ठेवतो.

साइटची पूर्ण प्रत दर महिन्याच्या एक तारखेला हार्ड डिस्कवर उतरते. ती डिस्क सांगलीत ठेवत नाही. विट्याला माझ्या माहेरी, आईच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली असते.